रूळ उचलले, भराव राहिला

किल्ला दाखवायला वाटाड्या मिळतो. देवळाचा खांब कुठल्या शतकातला हे सांगायला प्राध्यापक मिळतो. पण कुर्डुवाडीकडनं बार्शीला जाताना वेड्या बाभळीच्या रानात एक लांबलचक उंचवटा दिसतो, तो कशाचा म्हणून विचारलं तर बरोबरची पोरं सांगतात, असंल कुणाचा तरी बांध. बांध कसला! बार्शी लाईट रेल्वेचा भराव आहे तो. त्याच्यावरचे रूळ गेले, स्लीपर गेले, खडीसुद्धा लोकांनी घराच्या जोत्याला नेली. माती तेवढी राहिली. आणि दोस्तांनो, त्या सगळ्या रेल्वेत आपली म्हणावी अशी एकच चीज होती, ती ही माती.

गेली काही वर्षं सवड मिळंल तसा मी हा भराव पायी तुडवतोय. कधी एकटा, कधी शिबिरातली दोन-चार पोरं बरोबर. काही कार्यकर्ते हसतात. म्हणतात, मोर्चे काढायचे सोडून हा गडी मेलेल्या रेल्वेच्या मागं लागलाय. त्यांच्यासाठीच हे लिहितो.

आधी हकीगत, थोडक्यात, कारण ती छापील पुस्तकात सापडते. जीआयपी कंपनीची मोठी लाईन पुण्याकडनं सोलापूरला आली 1860 साली. येताना तिनं बार्शीला बगल दिली. बार्शी त्या काळची नामी बाजारपेठ. बालाघाटापल्याडचं धान्य, कापूस, गळीत तिथं उतरायचं. स्टेशन मात्र 21 मैल लांब. त्या स्टेशनाचं नावच ठेवलं ‘बार्शी रोड’. आपण आज त्यालाच कुर्डुवाडी म्हणतो. मधले 21 मैल बैलगाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर आधी जीआयपीतच नोकरीला होता. त्यानं हेरलं की इथं अरुंद, हलकी लाईन टाकली तर पैसा निघंल. 1895 साली विलायतेत कंपनी निघाली. मार्च 1897 मध्ये बार्शीला गाडी धावली. दोन रुळांतलं अंतर अडीच फूट. कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडू द्यायचं नाही हा कॅलथ्रॉपचा बेत. वजन सगळ्या आसांवर सारखं वाटलं की हलका रूळ चालतो, पूल स्वस्तात होतो, आणि डबा मात्र भरपूर माल खातो. माणूस हुशार होता यात शंका नाही. पुढं 1906 ला लाईन पंढरपूरला गेली, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला. सगळी मिळून 202 मैल. 1954 साली सरकारनं कंपनीकडनं ती ताब्यात घेतली. नवं शतक लागल्यावर लाईन रुंद करायचं काम निघालं. 2008 मध्ये कुर्डुवाडी ते लातूर रुंद गाडी सुरू झाली. नव्या लाईनीनं काही ठिकाणी जुनीचीच वाट धरली, काही ठिकाणी तिला सोडून दिलं. ते सोडलेले तुकडे म्हंजे आमची शाळा.

आता या शाळेतलं गणित सांगतो.

एका ठिकाणी भराव आम्ही दोरी लावून मोजला. उंची सहा फूट. माथा दहा फूट रुंद. दोन्ही अंगाचा उतार दीडास एक, म्हंजे एक फूट उंचीला दीड फूट पसारा. तळ झाला अठ्ठावीस फूट. शाळेतल्या समलंब चौकोनाचं सूत्र लावा. एक फूट लांबीच्या भरावात माती भरली 114 घनफूट. एक ब्रास म्हंजे शंभर घनफूट, हे आपल्यातल्या ज्यांनी मातीकाम केलंय त्यांना सांगायला नको. म्हंजे रेल्वे एक फूट पुढं सरकवायला एक ब्रासच्या वर माती. एका पाटीत अर्धा घनफूट धरा, वीस-बावीस किलोचा ऐवज. एका फुटाला झाल्या 228 पाट्या. मैलाचे फूट 5280. सगळीकडं भराव सहा फुटांचा नसतो, कुठं दोन फूट असतो, कुठं उलट जमीन खोदूनच लाईन नेलेली असते, हे कबूल. पण असा एक मैल धरला तर बारा लाख पाट्या होतात. बारा लाख वेळा कुणीतरी वाकलं, पाटी भरली, दुसऱ्यानं ती उचलू लागून डोईवर दिली, आणि ती डोई चढ चढून वर गेली, माती ओतून खाली आली. ती डोई बहुतेक करून बाईची. खांदणारा गडी, वाहणारी बाई, हा मातीकामाचा जुना वाटा आहे.

माती आणली कुठनं? लांबनं नाही. भरावाच्या दोन्ही अंगाला बघा, खड्डे दिसतील. पावसाळ्यात त्यांत पाणी साठतं, म्हशी बसतात. हेच ते. त्या कामात मजुरी रोजावर असतेच असं नाही, मापावर असते. मोजायची रीत अशी की खड्ड्यात मधे मधे न खांदलेले मातीचे खांब ठेवायचे. मूळ जमीन कुठवर होती ते त्या खांबाच्या डोक्यावरनं कळतं. मग साहेबाचा माणूस यायचा, खांबाची उंची घ्यायचा, खड्ड्याची लांबी-रुंदी घ्यायचा, गुणाकार करायचा. गुणाकार त्याचा, माती आपली. ज्याला अक्षर येत नाही त्याला त्या गुणाकारात किती पाट्या कमी झाल्या हे कळायचं कसं? शिका म्हणून बाबासाहेबांनी सांगितलं ते बोधचिन्हावर लिहायला नव्हे. या खांबापाशी उभं राहिलं की त्याचा अर्थ लागतो.

कोण होते हे खांदणारे? मातीकाम-दगडकाम हा वडारांचा पिढीजात धंदा. त्यांच्या जोडीला गावकुसाबाहेरचे महार, मांग, आणि पावसानं दगा दिलेले कुणबीसुद्धा. लाईन बार्शीला पोचली ते 1897 साल म्हंजे दख्खनच्या दुष्काळाचं साल. तीनच वर्षांत, 1899-1900 ला, त्याहून मोठा दुष्काळ. पोटाला अन्न नसलेला माणूस मजुरीची घासाघीस करत नाही.

कॅलथ्रॉपचं नाव आज जगभरच्या रेल्वेवेड्यांना पाठ आहे. त्यानं पुढं विमानातनं उडी मारायचं पॅराशूट बनवलं, तेही लिहून ठेवलेलं आहे. बार्शीच्या इंजिनाचं वजन, डब्यांची लांबी, इंग्लंडात लीड्सजवळ त्यांची चाचणी झाली ती हकीगत, सगळं सापडतं. पाटी वाहणाऱ्या एका बाईचं नाव मला अजून कुठल्या छापील पानावर दिसलेलं नाही. हे काही बार्शीपुरतंच खरं नाही. आपण मुंबईला ज्या लाईनीनं जातो तिचा बोरघाट घ्या. 1856 ते 1863 काम चाललं. एका वेळी चाळीस हजारांच्यावर मजूर डोंगराला लटकले होते. 1859 च्या सुरुवातीला मजुरी थकली म्हणून मजूर उठले. ठेकेदार काम सोडून गेला. नव्या ठेकेदाराचं नाव सॉलोमन ट्रेडवेल. तो आल्यावर थोड्याच दिवसांत आजारानं मेला, आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, ठेका पुढं चालवला. बाईचं कर्तृत्व खरंच आहे, तिचं नाव राहिलं याचं मला वाईट वाटत नाही. पण त्याच घाटात पटकीनं, तापानं, सुरुंगानं, कड्यावरनं पडून पंचवीस हजारांच्या आसपास माणूस मेला असं इतिहासकार मानतात. पंचवीस हजारांतल्या पंचवीस जणांची नावं सांगा म्हटलं तर इतिहास मुका होतो. खंडाळ्याच्या थंड हवेला सहलीला जाणारी मंडळी खिडकीतनं धबधबे बघतात.

आपल्या जिल्ह्याला तर ही रीत जवळजवळ सातशे वर्षांची आहे. मंगळवेढ्याला गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखामेळा गाडला गेला, असं परंपरा सांगते. त्याच्याबरोबर आणखी महार मजूर गाडले गेले. चोख्याचं नाव राहिलं कारण तो अभंग रचत होता. बाकीच्यांचं काय? ज्या कुसाच्या आत राहायची मुभा नाही, ते कूस बांधायला मात्र हेच. 1906 ला याच जिल्ह्यात पंढरपूरची लाईन पडली. जत्रेच्या दिवसांत माणसं मालाच्या डब्यातनंसुद्धा कोंबून न्यायचे. विठोबाच्या दारापर्यंत भराव घालून दिला. पण ते दार उघडायला 1947 साल उजाडावं लागलं.

लाईन पडल्यावर मातीवाले उठले, पुढच्या कामावर गेले. मागं राहिला तो गँगमन. लाईन टिकते ती गँगमनच्या जिवावर. गाडी गेली की खडी हलते, स्लीपर खचतो, रूळ वाकडा होतो. टोळीनं रोज आपल्या हद्दीत फिरायचं, पहारीनं रूळ सरळ करायचा, स्लीपरखाली खडी ठोकून बसवायची, नट आवळायचे, पावसाळ्यात मोऱ्यांची तोंडं मोकळी करायची. माझा आजा हेच करायचा. पगाराचा रोख पैसा घरात यायचा. तो पैसा किती यापेक्षा तो रोख होता हे मोठं. गावकीत महाराला काय मिळायचं? बलुतं. म्हंजे खळ्यावर पदर पसरायचा, घरोघर शिळं मागायचं, आणि त्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री पाटील म्हणंल तिथं धावायचं. वतनाच्या नावाखाली सरकारचीही वेठ आणि गावाचीही. बाबासाहेबांनी 1928 ला मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. वतनं कायद्यानं गेली ती 1958 च्या कायद्यानं. तीस वर्षं! त्या तीस वर्षांत ज्याला गँगमनची नोकरी लागली तो पाटलाला ‘येत न्हाय जा’ म्हणू शकला.

इथं आमच्यात एक वाद नेहमी निघतो. काहीजण म्हणतात, इंग्रजांनी रेल्वे आणली, गिरण्या आणल्या, म्हणून आपण सुटलो. त्यांचे उपकार माना. दुसरे म्हणतात, रेल्वे आणली ती कापूस ओढायला, उपकार कसले. माझं मत सांगतो. कापूस ओढायलाच आणली, हे बार्शीच्या लाईनीचा नुसता नकाशा बघितला तरी कळतं. एका टोकाला बाजारपेठ, दुसऱ्या टोकाला मोठी लाईन. पण तेवढ्यावर सोडून दिलं तर आपल्या माणसांनी त्या रेल्वेचं काय केलं हे बघायचं राहून जातं. आणि रेल्वेनं जात मोडली म्हणणाऱ्यांनी 1938 सालचं मनमाड वाचावं.

12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असं त्यांनी सांगितलं ते याच भाषणात. हे वाक्य आपल्याला सगळ्यांना पाठ. पण त्याच भाषणात रेल्वेतल्या जातीचा जो पाढा वाचलाय तो फार कमी जणांनी वाचलेला असतो. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच जन्म काढतो, त्याला बढती नाही. साधा पोर्टर म्हणून का घेत नाहीत? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम सांगतात, आणि अस्पृश्य घरात चालत नाही. कंपनीच्या नियमात जात कुठंच लिहिलेली नव्हती. मास्तरच्या स्वैपाकघराच्या उंबऱ्यात ती लिहिलेली होती. रूळ विलायतेचा, इंजिन विलायतेचं, उंबरा मात्र इथला.

म्हणून मी पोरांना पडक्या स्टेशनात घेऊन जातो तेव्हा आधी तिकीट-खिडकी दाखवत नाही. मास्तरचं क्वार्टर कुठं आणि गँगची चाळ कुठं ते बघा म्हणतो. मधलं अंतर पावलांनी मोजा. विहीर कुणाच्या बाजूला आहे ते बघा. डब्यात तिसऱ्या वर्गाच्या बाकड्यावर जात विचारून बसवत नव्हते, पैसे मोजले की बसा. पण स्टेशनात पाणी पाजायला माणूस वरच्या जातीचाच नेमायची रीत होती. 1901 साली साताऱ्याकडनं निघालेली महाराची पोरं मसूर स्टेशनवर उतरली. चांगले कपडे बघून मास्तर गोड बोलला, आणि जात कळताच मागं सरला. त्या पोरांतला एक भीमराव. ती पोरं निघाली होती कुठं? कोरेगावला, बापाकडं. बाप तिथं दुष्काळी कामावर, तळं खांदायच्या कामावर खजिनदार होता. ही गोष्ट आपण जयंतीला सांगतो, पण त्या गोष्टीतलं तळं खांदणारे कोण होते, हे कधी विचारत नाही.

आता दुसरी बाजू. मे 1924 मध्ये बार्शीला बहिष्कृत परिषद भरली. बाबासाहेब विलायतेहून परत येऊन वर्षच झालं होतं, बहिष्कृत हितकारिणी सभा निघायला अजून दोन महिने होते. तिथं ते बोलले. 4 जानेवारी 1925 ला सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं. जिवाप्पा ऐदाळे यांनी ते सांभाळलं. खेड्यापाड्यातली पोरं ट्रंका घेऊन तिथं आली. आणि 1941 च्या फेब्रुवारीत कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद झाली. तडवळं म्हंजे बार्शी लाईटवरचं कळंब रोड स्टेशन. मुंबईहून तिथं रेल्वेनं पोचायचा रस्ता एकच. कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडायची, अडीच फुटी गाडीत बसायचं, बार्शी मागं टाकून घाट चढायचा. परिषदेला जमलेल्या गावोगावच्या वतनदारांचा विषय पण मातीशीच बांधलेला: वतनाची जमीन, तिच्यावरचा सारा आणि तिच्यापायी गळ्यात पडलेली वेठ. गावानं बाबासाहेबांची बैलगाडीतनं मिरवणूक काढली. कापूस ओढायला टाकलेल्या लाईनीवरनं वेठ मोडायची भाषा गावात उतरली, ती अशी.

बार्शी ते तडवळं हा टप्पाच पायी जाण्याजोगा आहे. बार्शीच्या पुढं जुनी लाईन रामलिंगच्या घाटातनं येडशीला जायची. नवी रुंद लाईन उस्मानाबाद, आताचं धाराशिव, गाठायला वळसा घेऊन गेली आणि मग येडशीला आली. त्यामुळं घाटातला तुकडा तसाच जंगलात राहिला. आम्ही पाचजण गेलो होतो. एकजण रेल्वेतनं रिटायर झालेला म्हातारा, नाव लिहू नको म्हणाला. वाट दाखवायला त्याला घेतला, पण वाट तर भरावच दाखवतो. म्हातारा दाखवत होता ते वेगळंच. एका मोरीपाशी थांबला. घडीव दगडाची छोटी कमान, चुन्यात बसवलेली, पाणी अजून तिच्यातनंच जातं. आम्ही कमानीचं कौतुक करायला लागलो तर म्हणाला, ‘‘कमान ऱ्हाऊ द्या. ही खालची फरशी बघा. पानी हितंच लागतं. फरशी निसटली की कमान दोन पावसाळ्यात बसती. आमी हिच्यात झोपून गाळ काढायचो.’’ झोपून. कारण वाकून आत जाता येत नाही एवढी ती मोरी ठेंगणी. पुढं एका ठिकाणी डोंगर उभा कापून लाईन नेलीय. दोन्हीकडच्या दगडावर छिन्नीचे, पहारीचे तास अजून दिसतात, उभे, समांतर, बोटभर खोल. त्यांच्यावर हात ठेवला की सुरुंगाचा अर्धा दार कुठं संपला आणि हाताचं काम कुठनं सुरू झालं ते कळतं. आमच्यातली एक पोरगी कॉलेजात इतिहास शिकते. ती वहीत छिन्नीचे तास उतरून घ्यायला लागली. मास्तर असे पुरावे मानतील का म्हणून तिनंच विचारलं आणि तिनंच उत्तर दिलं, शिलालेख मानतात की!

घाट संपला की भराव शेतात येतो, आणि तिथं वेगळा इतिहास सुरू होतो. ज्याचं शेत शेजारी आहे त्यानं भरावाला नांगर लावलाय. कुठं ट्रॅक्टर लावून मुरूम उचललाय. कुठं पूर्ण सपाट करून तूर पेरलीय. हा मुरूम कुणी डोक्यावरनं आणून घातला होता हे वर आलंच आहे. आणि ज्यांच्या आज्यानं तो घातला त्यांची घरं आजही त्या लाईनीच्या कडेला, सात-बाऱ्यावर नाव नसलेल्या जागेत. 1959 ला आणि पुन्हा 1964-65 ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, माणसं तुरुंगात गेली. मागणी काय होती? पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. सोडून दिलेली लाईन ही पडीक नाही तर काय आहे? कागदावर ती कुणाची, किती, कुठवर, हे प्रत्येक तालुक्यात बसून उतरून काढायला हवं. सार्वजनिक जागा सपाट व्हायला एक ट्रॅक्टर पुरतो, अर्जाला नांगर नसतो.

जगात सगळीकडं असंच होतं असं नाही. याच कॅलथ्रॉपनं इंग्लंडात स्टॅफर्डशायरला एक अडीच फुटी लाईन बांधली होती, 1904 साली. ती चालली नाही. 1934 ला बंद पडली. तिथल्या लोकांनी रूळ काढले आणि 1937 मध्ये तोच भराव पायवाट म्हणून सगळ्यांना खुला केला. आजही लोक तिच्यावर फिरायला जातात. एकच इंजिनियर, एकच गेज. तिथला भराव सगळ्यांचा झाला, इथला शेजारच्या शेताचा.

उजनीकडचं सांगायचं तर ती दुसरीच तऱ्हा. भीमेवर उजनीचं धरण 1980 साली पुरं झालं आणि मोठ्या लाईनीचाच तुकडा पाण्याच्या हद्दीत आला. लाईन बाजूला सरकवली. डिकसळचा रेल्वेचा जुना दगडी पूल मग मोटारींच्या रस्त्याला दिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं, पेपरात दरवर्षी फोटो येतो. बुडालेल्या प्रत्येक गावाला एक महारवाडाही होता. दगडी देऊळ वर येतं, मातीच्या भिंती येत नाहीत. मी एकदा मे महिन्यात त्या गाळात फिरलो. जात्याची एक तळी सापडली. तिचा फोटो कुणी छापंल असं वाटत नाही, म्हणून इथं नोंद करतो.

या फिरण्यात आम्ही एक वही केलीय. तिच्यात लाईनीचा मैल, मोरीची लांबी-रुंदी, भरावाची उंची हे तर लिहितोच. पण दर मैलाला एक पान गँगच्या नावांचं ठेवलंय. नावं कागदपत्रांत शोधत बसलो नाही, ओट्यावर बसून विचारली. म्हाताऱ्यांना एकमेकांची खरी नावं आठवत नाहीत, हाका आठवतात. काळू चावीवाला. तात्या पहारवाला. बाई सगळ्यात कमी सापडतात, कारण सांगणारे गडी असतात. म्हणून आता पोरींनी वेगळं जाऊन बायकांना विचारायचं ठरवलंय: डोईवर चुंबळ कशाची होती, पाटी बांबूची का पत्र्याची, तान्हं पोर कुठं ठेवत होता, माप घ्यायला कोण यायचा आणि तो किती कापायचा. असे साधेच प्रश्न. ‘तुमच्यावर अन्याय झाला का’ असं विचारलं की म्हातारी गप्प बसते. चुंबळ कशाची होती विचारलं की तासभर बोलते.

तडवळ्यात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. बरोबरचा म्हातारा डांबरी रस्त्यावरनंही तोकडी तोकडी पावलं टाकत होता, अडीच-अडीच फुटांची, स्लीपर ते स्लीपर. चहा पिताना म्हणाला, येडशीच्या अंगाला आणखी एकजण आहे, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. घाटातली गँग त्याला पाठ आहे, बापाच्या वेळची पण सांगंल. कानानं कमी आहे, डाव्या बाजूला बसून बोलायला लागतं. दिवाळीच्या आत जा म्हणाला. आम्ही पुढच्या रविवारी जातोय.